नाराची हरणं आणि मोठा बुद्ध

हरणाने तुम्हाला कधी मान लववून नमस्कार केलाय? मला केला! जपानमधल्या नारा शहरात. इ. स. ७१० मध्ये जपानची राजधानी इथे आली होती. क्योटोहून आगगाडीने आम्ही पाऊण तासात पोचलो.

इथल्या उद्यानात हजाराहून जास्त हरणं मोकळी हिंडतात. त्यांच्यासाठी कोंड्याची बिस्किटं विकत मिळतात. बिस्किट दाखवलं की हरीण वाकतं. उशीर केलात तर मात्र कपडे ओढतं, बरं का!

मी खाऊची प्लॅस्टिकची पिशवी काढली, तशी गाईडबाईंनी ती झटकन माझ्या पर्समध्ये कोंबली. २०१९ मध्ये इथली काही हरणं मेली. एकाच्या पोटात चार किलोंहून जास्त प्लॅस्टिक निघालं! बिस्किटांभोवतीची कागदी पट्टीसुद्धा हरणाने खाल्ली तरी चालेल अशीच करतात.

मग तोदाइजी मंदिर. आत ब्राँझचा बुद्ध बसलेला, सुमारे १५ मीटर उंच. मान दुखेपर्यंत वर बघायचं! मूळचं मंदिर आगीत गेलं. आताचं लाकडी मंदिर १७०९ सालचं, आणि ते पहिल्यापेक्षा लहान आहे म्हणे!

इ. स. ७५२ मध्ये या मूर्तीचे डोळे रंगवले कुणी, ठाऊक आहे? भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्षूने. त्याच्या कुंचल्याला लांब दोर बांधले होते आणि जमलेल्या लोकांनी ते हातात धरले होते. म्हणजे डोळे सगळ्यांनी मिळूनच रंगवले की! तो कुंचला अजून जपून ठेवलाय.

"तुमच्याच देशाचे ते," गाईडबाई मला म्हणाल्या. मी उगीचच ताठ झाले.

बाहेर आलो, तर एक हरीण माझ्या पर्सचा वास घेऊ लागलं. मी चेन घट्ट ओढून घेतली.