उदगीरच्या तटावर

उदगीरच्या किल्ल्यांत शिरतांना मराठी मनुष्याची मान सहजच ताठ होते. इ. स. १७६० च्या फेब्रुवारींत सदाशिवरावभाऊंनीं निजामाला या मोहिमेंत नमविलें. साठ लक्षांचा मुलूख व दौलताबादेसारखा दुर्ग पदरांत पडला. हें मी धाकट्या कन्येला तटावरून चालतांना सांगत होतों. पण तिचें लक्ष नव्हतें.

आदल्या रात्रीं आम्हीं घरीं ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा १९८८ चा जपानी चित्रपट पाहिला होता. त्यांतील माणसें केवळ रेखाटलेलीं. १९४५ सालीं कोबे शहरावर अग्निवर्षाव होतो, आई दगावते, आणि चौदा वर्षांच्या भावाला चार वर्षांची बहीण उपासमारीपासून वाचवितां येत नाहीं. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांनीं नऊ वर्षांचे असतांना ओकायामावरील बाँबहल्ला स्वतः भोगला होता. चित्रपट संपल्यावर दिवा लावावयास कोणी उठेना.

“बाबा, त्या लढाईंत लहान मुलें कुठें होतीं?”

मला सरदारांचीं नांवें आठवलीं, तहाची रक्कम आठवली. मूल एकहि आठवेना. उदागीरबाबांच्या समाधीपुढें तिनें बराच वेळ हात जोडले. कोणासाठीं, हें मीं विचारलें नाहीं.