दुसऱ्या खेपेला उठणारी डिस्क

सकाळी पहिल्यांदा बटन दाबलं की काळ्या स्क्रीनवर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’, आणि कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं की विंडोज झकास चालू. असा सीपीयू दुकानात आला की माझी बाकीची कामं अडून राहतात. साफ गेलेली डिस्क लगेच कळते. एमबीआर उडालेला असेल तर परत लिहिता येतो. मदरबोर्डावरचा सेल उतरून साटाचा मोड एएचसीआयवरून आयडीईवर गेला असेल आणि निळ्या स्क्रीनवर 7बी येत असेल, तर ते चहा येईपर्यंतचं काम. पण जी पहिल्या खेपेला उठत नाही, दुसऱ्या खेपेला उठते आणि मग दिवसभर हूं की चूं करत नाही, तिनं माझं जेवढं डोकं खाल्लं तेवढं दुसऱ्या कशानंही नाही.

आमच्या सोनाळ्यात हे दुखणं हिवाळ्यात वर येतं. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, अंबाबरव्याचं जंगल जवळ. रात्री गारठा पडतो आणि सकाळी दुकानातलं लोखंडी शटरही हाताला लागतं. त्याच दिवसांत हरभऱ्याला, गव्हाला, संत्र्याच्या बागांना पाणी चालू असतं. शेतातल्या मोटारी लागल्या की गावातली लाइन डिम होते. थंडी आणि डिम लाइन एकाच वेळी येतात, म्हणून दोष नेमका कोणाचा हे सुटं करता येत नाही. साडेतीन इंची डिस्क फिरती झाली की 12 व्होल्टवर अर्ध्या अँपिअरच्या आसपास भागवते, पण थंड अवस्थेतून वेग घेताना तिला जवळपास 2 अँपिअर लागतात. त्या पहिल्या काही सेकंदांत काय घडतं, एवढंच मला आयुष्यभर कळून घ्यायचं आहे. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

संशयित चार. वीज पुरवणाऱ्या डब्याचे, म्हणजे एसएमपीएसचे कपॅसिटर सुकले असतील, तर डिस्क वेग घेऊ लागते, मध्येच एकदम बसते, आणि त्याच क्षणी कॅबिनेटच्या पंख्याचा आवाजही खाली येतो, कारण दोघांना 12 व्होल्ट एकाच ठिकाणाहून मिळतात. मोटार किंवा बेअरिंग जड झालं असेल, तर डिस्क गुरगुरते, थरथरते, पण पंखा जसाच्या तसा राहतो. डिस्कच्या बोर्डाखालचे पॅड काळे पडले असतील, तर मोटार पूर्ण वेग घेते आणि मग हेडच्या ज्या हालचालीची आपण वाट पाहतो ती येतच नाही, किंवा हेड ठकठक करून परत जातात. आणि चौथी गोष्ट अशी की डिस्क चांगली, वीज चांगली, फक्त बायोस घाईत आहे. डिस्क तयार व्हायच्या आत तो तिला विचारून मोकळा होतो. तिथं क्विक बूट बंद केला की काम झालं. चारही ठिकाणी स्क्रीनवर मजकूर तोच. चारही ठिकाणी दुसऱ्या खेपेला मशीन उठू शकतं. म्हणून स्क्रीन वाचणाऱ्याला यातलं काही कळत नाही, ऐकणाऱ्याला कळतं.

ऐकणं मी कॉम्प्युटरवर शिकलो नाही. त्याआधी मी बोअरच्या मोटारी भरायचो. कमी व्होल्टेजवर लावलेली मोटार कशी हुंदकते आणि बेअरिंग धरलेली मोटार कशी, हा फरक कानात पक्का बसला होता. पुढं दुकान टाकलं, गावात ग्रामपंचायतीचे, शाळेचे, सोसायटीचे, फोटो स्टुडिओचे सीपीयू आले, आणि तो कान तसाच कामाला आला. लांब स्क्रूड्रायव्हरचं पातं डिस्कच्या पत्र्यावर टेकवायचं, बोर्डावर नाही, आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. 7200 आरपीएमची डिस्क म्हणजे सेकंदाला 120 फेरे. ती चढताना सूर कसा वर जातो आणि कुठं स्थिरावतो, ते हाडातून येतं. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून, घामानं भिजून मी असा उभा राहायचो आणि समोर दोन-चार माणसं गप्प बसून पाहत असायची.

ती माणसं पाहतात हे मला आवडायचं. खरं म्हणजे खूप आवडायचं. स्टुडिओवाल्याच्या डिस्कमध्ये अख्ख्या हंगामाची लग्नं अडकलेली, त्याचा चेहरा पांढरा पडलेला, आणि मी काही न बोलता कानाला मूठ लावलेली. मग मान वर करून “डिस्क चांगली आहे, एसएमपीएस बदल” एवढंच सांगायचं. कधी कधी पहिल्या सेकंदातच कळलेलं असायचं, तरी मी थोडा वेळ तसाच उभा राहायचो. संग्रामपूर, वरवट बकाल, टुनकी, तेल्हाऱ्यापासून लोक यायचे ते डाटासाठी, हे खरं. पण “तो ऐकून सांगतो” हे बोलणं माझ्या आधी गावोगाव पोचलेलं असायचं आणि ते मला पैशापेक्षा गोड लागायचं.

आता वरचे सूर जाऊ लागलेत. अकोल्याला कान तपासले तेव्हा कागदावरची रेघ उजवीकडं खाली उतरलेली दिसली. मोटारीचा घनगंभीर सूर अजून स्वच्छ येतो. हेड बाहेर येतानाचा बारीक टिचका, पंख्याच्या वाऱ्यातला हलका उतार, हे मात्र कधी येतात, कधी नाही. म्हणजे चार संशयितांपैकी दोघांना वेगळं करणारी खूणच माझ्या हातून निसटते आहे. स्क्रूड्रायव्हर तोच, माणसं तशीच पाहतात, पण मी “डिस्क चांगली आहे” म्हणण्याआधी पुन्हा बटन दाबतो. आणि हे पुन्हा दाबणं मला सहन होत नाही, कारण संशयात असलेल्या डिस्कला विनाकारण दुसऱ्यांदा वीज द्यायची नाही, हा नियम मी स्वतः लावून घेतलेला आहे. फिरत्या तबकडीपासून हेड काही नॅनोमीटरवर तरंगतं. ते टेकलं की एकेका फेऱ्यागणिक कोणाची तरी अक्षरं खरवडली जातात.

दुकानात आता एक मुलगी शिकायला येते. ती आधी आकडे पाहते. पहिल्यांदा तिनं मला डिस्क स्वतःबद्दल ठेवते तो स्मार्टचा तक्ता दाखवला आणि म्हणाली, “काका, स्पिन रीट्राय वाढून राह्यला. मोटारच खराब आहे याची.”

मी म्हटलं, “आकडा एवढंच सांगते की डिस्कनं पहिल्या झटक्यात वेग नाही घेतला. कावून नाही घेतला, ते सांगते का?”

“नाही.”

“मंग?”

ती गप्प बसली, पण वाद सोडला नाही, आणि हे मला बरं वाटलं. पेंडिंग सेक्टर, रीअलोकेटेड सेक्टर यांबद्दल माझी तक्रार नाही. ते वाढत असतील तर पुढं बोलायचं कामच नाही, आधी प्रत काढायची. स्पिन रीट्रायचं तसं नाही. लाइन डिम झाली तरी तो वाढतो, बेअरिंग जड झालं तरी वाढतो. मीटर पिवळ्या तारेवर लावून पाहिलं तर 11.9 दिसतं, कारण साधा मीटर सरासरी दाखवतो आणि क्षणभराचा खड्डा गिळून टाकतो. त्या खड्ड्यासाठी ऑसिलोस्कोप पाहिजे, आणि तो आमच्याकडं नाही.

मग तिनं फोन काढला. आवाजाची पट्टी दाखवणारं कुठलंसं ॲप टाकलं होतं. फोन कॅबिनेटला टेकवला, बटन दाबलं, आणि स्क्रीनवर एक रेघ खालून वर चढत 120 वर जाऊन थांबली. वर पंख्याची वेगळी रेघ. डिस्कची रेघ मध्येच तुटली तेव्हा पंख्याची रेघही वाकली. दोन्ही एकाच क्षणी. जे मी इतकी वर्षं हाडानं ऐकत होतो ते तिनं बोट ठेवून दाखवलं, आणि ते साठवूनही ठेवलं, हवं तेव्हा परत पाहायला. मला आनंद झाला आणि त्याच दमात पोटात तुटलं. त्या दिवशी गिऱ्हाइकानं उत्तर तिच्याकडं पाहून ऐकलं. मी घरी गेल्यावरही बराच वेळ ते मनातून गेलं नाही. ज्याला कोणी शिकवायला नव्हतं त्यानं कमावलेली गोष्ट कोणालाही फुकट मिळावी, हे योग्य आहे हे मला कळतं. पटायला वेळ लागतो आहे.

तरीही तिच्या पद्धतीशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे फॉरमॅट मारणाऱ्यांशी. मोठ्या गावांतल्या कित्येक दुकानांत सीपीयू टेबलावर ठेवायच्या आत “विंडोज टाकावं लागेल” असं सांगतात. नुसता सेल उतरला होता, घड्याळ मागं गेलेलं समोर दिसत होतं, आणि तरी डिस्क पुसून दिलेली मी पाहिली आहे. एका डीटीपीवाल्याचं ‘सुरेख’ नावाच्या फॉन्टमधलं वर्षानुवर्षांचं काम, पत्रिका, जाहीरनामे, सातबाराच्या अर्जांचे नमुने, सगळं असंच गेलं. दुसरे ते चेकडिस्कवाले. चेकडिस्क फाइलींची मांडणी दुरुस्त करतं. खराब होत चाललेल्या डिस्कवर ते तासन्‌तास हेड नाचवतं आणि उरलेसुरले सेक्टर घालवतं. आधी डीडीरेस्क्यूनं प्रत, मग प्रतीवर काय करायचं ते करा. आणि डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायला सांगणाऱ्यांना मी दुकानात बसूही देत नाही. बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरतं, त्यात हेडचं काय होत असेल याचा विचारच कोणी करत नाही.

या सगळ्याहून अवघड गोष्ट आता नव्या लॅपटॉपात येते. डिस्क ठणठणीत, वीज ठणठणीत, आणि स्क्रीनवर बिटलॉकरची 48 अंकी किल्ली मागितलेली. विंडोज 11 च्या 24एच2 पासून नव्यानं विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट खात्यानं आत गेलं की हे कुलूप बहुधा आपोआप लागतं. खातं दुकानदारानं काढून दिलेलं असतं आणि पासवर्ड कोणालाच आठवत नाही. 19 जुलै 2024 ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या बिघडलेल्या फाइलीनं जगभरची सुमारे 85 लाख मशीन पाडली, तेव्हाही हेच झालं: फाइल पुसायला काही वेळ लागत नव्हता, पण जिथं बिटलॉकर होतं तिथं आधी किल्ली पाहिजे होती. किल्ली हरवली तर माझा कान आणि तिचा फोन, दोघांनाही तिथं काही काम नाही.

एसएसडी तर बोलतच नाही. आजपर्यंत दिसत होती, उद्या बायोसमध्ये नाव नाही. ती वेगवान आहे, धक्के सोसते, डिम लाइनीत वेग घ्यायचा प्रश्नच नाही. गिऱ्हाइकाला मी स्वतः तीच घ्यायला सांगतो. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला आणि त्या निमित्तानं गावातले कितीतरी जुने सीपीयू माझ्या हातानंच एसएसडीवर गेले. पण फिरणारी डिस्क जाण्याआधी सांगायची, आठवडे सांगायची, आणि तिचं ऐकून मी लोकांचं वाचवलेलं आहे. आयबीएमनं 1956 मध्ये 24 इंची 50 तबकड्यांचं रॅमॅक बाहेर काढलं, तेव्हापासून जे यंत्र आवाज करत आलं ते आमच्या इथून माझ्याच टेबलावरून निघून चाललं आहे. मला हे दुःखाचं वाटतं आणि ते मी लपवत नाही.

सध्या टेबलावर एका शाळेची डिस्क आहे. दुसऱ्या खेपेला उठणारी. मुलीनं पहिल्याच उठण्यात ती बंद न करता प्रत काढायला लावली आणि एकही सेक्टर न सोडता पूर्ण केली. मी केली असती तर याहून वेगळी केली नसती. शाळेला एसएसडी टाकून, नवा एसएमपीएस बसवून सीपीयू परत दिला. जुनी डिस्क आणि जुना एसएमपीएस मी मुख्याध्यापकांना विचारून ठेवून घेतला. तिचं म्हणणं, “काका, काम झालं ना, आता कायले पाहता?” तिला वाटतं बोर्डाचे पॅड काळे पडलेत, खोडरबरानं घासले की डिस्क पहिल्या खेपेला उठेल. मला वाटतं एसएमपीएसचे कपॅसिटर. जुनी डिस्क चांगल्या एसएमपीएसवर आणि चांगली डिस्क जुन्या एसएमपीएसवर, पॅडला हात न लावता, अशी आधी लावून पाहायची आहे. थंडी आहे आणि मोटारी चालू आहेत तोवरच हे ठरेल, म्हणून उद्या तिला दुकान लवकर उघडायला सांगितलं आहे.