जाळी कुणी काढली?

अपघात बेसावधपणामुळे होतात, असं मी कित्येक वर्षं मनापासून मानत होतो. वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा-मंगरूळपीर भागातल्या जिनिंग-प्रेसिंगचे आणि दालमिलचे परवाने, रजिस्टरं, वार्षिक विवरणपत्रं करून देणं हा माझा धंदा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयात जाणारा कागद कसा बिनचूक असावा, हे मला चांगलं जमतं. ४ मार्चला सुरक्षा दिन आला की फलक मीच रंगवून आणायचो आणि कामगारांपुढे भाषणही मीच ठोकायचो. दारू पिऊन येऊ नका, पदर खोचून घ्या, मशीनजवळ गप्पा मारू नका. मग चहा-बिस्किटं, फोटो, आणि तो फोटो फायलीत.

याच्या जोडीला माझं आणखी एक मत होतं. कापसाचा धंदा हंगामी. दसरा-दिवाळीला सुरू होतो आणि होळीच्या आगेमागे थंडावतो. अशा धंद्याला बारमाही कारखान्याचा कायदा कशाला? इन्स्पेक्टर येणार, फाईल चाळणार, खोट काढणार. शेठजी मंडळींत हे बोललं की माना डोलायच्या, आणि माना डोलणारे लोकच मला फी देत होते, हेही खरं.

मत फिरायला लागलं ते एका जाळीवरून. एका जिनात (नाव सांगत नाही, तिथं अजून जाणं-येणं आहे) डबल रोलर जिनांच्या पट्ट्यांवरच्या संरक्षक जाळ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या दिसल्या. एक आडवी टाकलेली होती आणि तिच्यावर बायांचे जेवणाचे डबे ओळीनं मांडले होते. मी फिटरवर डाफरलो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, पुलीत रुई गुंडाळते, पट्टा सटकते. मंग जाळी काढाच लागते ना. चार बोल्ट आहेत. तुमी एक दिवस करून पाहा."

मी खरंच थांबून पाहिलं. दुपारपर्यंत पट्टा तीनदा सटकला. प्रत्येक वेळी चार बोल्ट खोलायचे, रुई काढायची, पट्टा चढवायचा, पुन्हा चार बोल्ट कसायचे. तेवढा वेळ जिन बंद, आणि संध्याकाळी हिशेब गाठींचा. म्हणून आधी दोनच बोल्ट लावले जातात, मग जाळी तारेनं बांधली जाते, मग तीही वैतागवाणी होते. जाळी काढून टाकायचं असं कुणीच ठरवलेलं नव्हतं. शेठजींनी सांगितलं नव्हतं, फिटर आळशी नव्हता. बिजागरीची, एका कडीनं उघडणारी जाळी असती तर ती जागेवर राहिली असती. माझ्या सगळ्या भाषणांत बिजागरीचा उल्लेख एकदाही नव्हता.

मग १९४८ चा कारखाने अधिनियम, जो मी फक्त कलमांच्या नंबरांनी ओळखत होतो, तो सावकाश वाचला. कामगारानं काय करू नये हे सांगणारं कलम त्यात आहे, पण ते १११ वं. यंत्राच्या धोकादायक भागाला पक्कं आवरण घाला, हे २१ वं. चालू यंत्राला तेल घालायचं किंवा ते तपासायचं असेल तर तो माणूस त्या कामात तरबेज हवा, त्याच्या अंगावर घट्ट बसणारे कपडे हवेत आणि ते मालकानं पुरवायचे, हे २२ वं. २७ वं तर आमच्याच धंद्यावर आहे: प्रेसिंगमध्ये जिथं कॉटन ओपनर चालतो तिथं बाई किंवा मूल कामाला ठेवायचं नाही. ठेवायचंच असेल तर मधे छतापर्यंत किंवा निरीक्षक लेखी ठरवून देईल तितक्या उंचीची आडभिंत हवी, आणि त्यांनी माल आत जातो त्याच बाजूला काम करायचं. कापसातून आलेला एखादा खडा किंवा खिळा ओपनरच्या दात्यांवर आपटला की ठिणगी, आणि रुईत ठिणगी म्हणजे काय हे आमच्याकडं सांगावं लागत नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी बायांना जपून राहायला सांगितलं नाही, भिंत बांधायला सांगितली.

'हंगामी धंदा' हा माझा युक्तिवादही जुनाच निघाला. १८८१ चा पहिला कारखाना कायदा वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागूच नव्हता. ते कायद्यात आले १९११ मध्ये. याच कारंज्यात १८८६ साली देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला होता. म्हणजे कापसाच्या व्यवहाराला नियम आधी आले. तो कापूस पिंजणाऱ्या हातांना आणखी पंचवीस वर्षं वाट पाहावी लागली. हे वाचलं आणि बैठकीत ते वाक्य पुन्हा तोंडातून निघेना.

इथं एक आडवं सत्यही सांगायला हवं. जिनांतला धोका खरोखर घटला तो ना इन्स्पेक्टरमुळे, ना माझ्या फलकांमुळे. २००० मध्ये केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान आलं. सूतगिरण्यांची तक्रार होती की आपल्या रुईत कचरा फार. म्हणून जिनांना आधुनिकीकरणासाठी अनुदान मिळालं. हवेनं कापूस ओढणारे पाइप आले, कन्व्हेअर आले. धूळ कमी झाली, रोलरजवळ जाणारे हात कमी झाले. पण टोपल्यांनी कापूस वाहणाऱ्या बायाही कमी झाल्या. त्यांतल्या काही आता दुसऱ्यांच्या वावरात सोयाबीन सोंगतात. याला प्रगती म्हणायचं की नाही, माझ्याकडं उत्तर नाही.

इन्स्पेक्टरबद्दलचं मतही बदललं. मालक वाईट असतो म्हणून बाहेरचा माणूस लागतो, असं नाही. रोज पाहणाऱ्याला ती डब्यांखालची जाळी दिसेनाशी होते. मलाही कित्येक हंगाम दिसली नव्हती. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियमाच्या जागी नवी संहिता लागू झाली आहे. मूळ कायद्यात विजेवर चालणारा कारखाना दहा कामगारांपासून धरला जाई, संहितेत वीसपासून. पूर्वीचा मी असतो तर यावर पेढे वाटले असते. परवा एका दालमिलवाल्यांनी फोन केला, "आता आपण सुटलो ना? मस्टरवर अठराच आहेत." मी म्हटलं, मुकादमाच्या वहीतले किती? ठेक्यावरचा माणूसही मोजावा लागतो. त्यांनी विषय बदलला.

मुख्य म्हणजे, वाशिमचा धोका आता कारखान्याच्या फाटकाबाहेर गेला आहे. जिल्हा सोयाबीनचा झाला. सोंगणी उरकली की सुडीजवळ मळणी यंत्र उभं राहतं. कुणी थ्रेशर म्हणतं, कुणी हडंबा. रात्री ट्रॅक्टरच्या उजेडात तोंडाशी उभं राहून माल लोटणाऱ्याचा हात किंवा दुपट्टा आत ओढला जातो. तिथं ना मस्टर, ना इन्स्पेक्टर. कायदा मात्र आहे, १९८३ चा, धोकादायक यंत्रांचा, थ्रेशरसाठीच केलेला. मी एवढी वर्षं याच धंद्यात, पण एकाही यंत्रमालकाच्या तोंडून त्याचं नाव ऐकलं नाही. मानकाप्रमाणे माल टाकायच्या पन्हाळीची लांबी किमान ९० सेंटीमीटर हवी आणि त्यातली निदान ४५ झाकलेली, म्हणजे माणसाचा हात दात्यांपर्यंत पोचूच नये.

माझ्या पुतण्यानं कर्ज काढून असं यंत्र घेतलं आहे. टेप लावून पन्हाळ मोजली तर आखूड, आणि झाकण कापून टाकलेलं. तो म्हणतो, "काका, झाकण ठेवलं तर माल हळू जाते, पोत्यामागं भाव आहे, गिऱ्हाईक दुसऱ्याकडं जाईन." त्याचंही खोटं नाही. पत्रा आणि वेल्डिंगचा खर्च मी देतो म्हटलं आहे. तो हो म्हणत नाही, आणि मी विषय सोडत नाही. वहिनींनी आम्हा दोघांना जेवताना हे काढायला बंदी केली आहे.