खाडा, दळण आणि लूना

लेकीची डायरी ठिपक्यांच्या पानांची आहे. कडेला रंगीत चिकटपट्ट्या, महिन्याच्या सुरुवातीला मूडचा तक्ता आणि रोज रात्री एक छापील प्रश्न: आज स्वतःची पाठ थोपटावी असं काय केलंस? पाळीच्या तारखा फोनमध्ये, फोनला पासवर्ड. एकदा सहज डोकावले तर ‘आई, प्लीज!’ म्हणत तिने वही मिटली.

माझ्या आईची वही स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असायची. कालनिर्णय. येणारा-जाणारा चतुर्थी बघायला त्यासमोर उभा राहायचा. चौकोनांत दुधाचा आकडा, बाईचा खाडा, दळण, सिलिंडर लावल्याची तारीख. दर महिन्याला एका कोपऱ्यात पेन्सिलीची बारीक फुली. ती कशाची हे मला तेराव्या वर्षी कळलं, घरातल्या पुरुषांना बहुधा कधीच नाही. इतकं उघड्यावर, पण वाचलं कुणीच नाही.

बायकांना स्वतःबद्दल लिहायचं तर निमित्त लागायचं. रमाबाई रानड्यांचं 1910 चं पुस्तक घ्या किंवा 1934 पासून भागाभागाने आलेली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. दोघी बसल्या त्या नवऱ्याच्या आठवणी सांगायला. लक्ष्मीबाई तर अशा काही मोकळ्या सुटल्या, की टिळकांनाच त्यात अंग चोरून बसावं लागतं. (जरा जास्तच बोलले, पण ज्यांनी वाचलंय त्यांना पटेल.) आईचं निमित्त दुधाचं.

ती गेल्यावर माळ्यावर जुन्या कालनिर्णयांची सुतळीने बांधलेली गुंडाळी सापडली. मागच्या पानांवरच्या पाककृतींसाठी ठेवली असेल असं वाटलं. रद्दीत टाकण्याआधी लेकीने सोडली आणि आम्ही दोघी फरशीवरच बसलो.

लेकीच्या वहीतलं मला सगळं पटतं असं नाही. प्रश्नच विकत आणलेला, तर उत्तर कितपत आपलं? पण तिच्या प्रत्येक ओळीत ‘मी’ ठसठशीत असतो, आणि त्याचा मला हेवा वाटतो. आईच्या चौकोनात तो शब्द मावायचाच नाही. अर्थात मराठीत त्याच्यावाचून अडत नाही. ‘पडले’ एवढं लिहिलं तरी बाईच पडली हे कळतं.

हे ‘पडले’ 1986 च्या पानावर होतं. आमच्या घरी एक ठरलेली गोष्ट सांगितली जायची: बाबांनी आईला लूना शिकवली आणि ती दोन दिवसांत तरबेज झाली. पाहुण्यांसमोर बाबा ती रंगवून सांगायचे. आई पोहे परतत हसायची.

पानावर असं होतं. ‘दूध दीड. हे सोलापूरला.’ दुसऱ्या दिवशी ‘लूना. कोपऱ्यापर्यंत.’ मग ‘बाईचा खाडा. पडले. कोपराला हळद.’ मग दोन दिवस नुसतं दूध. मग ‘वळण जमलं.’ रविवारी, लाल आकड्याखाली, जरा मोठ्या अक्षरात: ‘मंडईत जाऊन आले.’

‘म्हणजे आजोबा नव्हतेच?’ लेक म्हणाली.

मी पुढच्या चौकोनावर बोट ठेवलं. ‘हे आले. दूध दोन. उद्यापासून लूना शिकवणार म्हणाले.’