पवनचक्क्यांच्या पठारावर दोन महिने

सज्जनगडास जाऊन आलेला नाहीं असा मराठी गृहस्थ विरळाच. परंतु समर्थांच्या समाधीचें दर्शन घेऊन गड उतरल्यावर बहुतेक मंडळी पुन्हां साताऱ्याची वाट धरतात. पावसाळ्यांत कांहीं हौशी लोक ठोसेघरच्या धबधब्यापर्यंत जातात आणि भाजलेलीं कणसें खाऊन परततात. धबधब्याच्या पलीकडे रस्ता आणखी वर चढतो आणि एका वळणावर डोंगर एकाएकीं संपून अफाट सपाटी लागते, हें पुष्कळांच्या गांवींहि नसतें. साताऱ्यापासून पंचवीस-तीस किलोमीटरांवरील हेंच तें चाळकेवाडीचें पठार. समुद्रसपाटीपासून याची उंची साडेतीन हजार फुटांहून अधिक आहे. या भागांत अशा सपाटीस 'सडा' म्हणतात. काळ्या कातळावर जांभ्याचें कवच, त्यावर बोटभर माती आणि मातीवर गवत, एवढीच येथली संपत्ति. वृक्ष म्हणून शोधावयास गेलें तर ओहोळांच्या कडेलाच सांपडावयाचा. परंतु या उघड्या माळावर निसर्गानें एक गोष्ट मुक्तहस्तें दिली आहे, आणि ती म्हणजे वारा. अरबी समुद्रावरून निघालेला नैर्ऋत्य मोसमी वारा सह्याद्रीची भिंत चढून येतो, तो प्रथम या सड्यावर मोकळा सुटतो. म्हणूनच १९९० नंतरच्या दशकापासून येथें आणि दक्षिणेकडील वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांचें जणूं एक रानच उभें राहिलें.

या रानांत आम्हीं दोन महिने काढले. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा आटोपली कीं विद्यार्थ्यानें एखाद्या उद्योगांत प्रत्यक्ष काम पाहावें, असा आमच्या अभ्यासक्रमाचा नियम आहे. हल्लीं याला इंटर्नशिप म्हणतात. आम्हांला मात्र आपला 'उमेदवारी' हा जुना शब्दच अधिक आवडतो. कारण शिकणाऱ्याची उमेद आणि त्याचें कच्चेपण हीं दोन्ही त्यांत येतात. आम्ही तिघे, दोन मुलगे व एक मुलगी, मेच्या मध्यास पठारावर दाखल झालों. चक्क्यांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीनें आम्हांला घेतलें होतें. तिचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं. कारण आम्हांला जें दिसलें तें एकाच कंपनीचें वैशिष्ट्य असेल असें आम्हांला वाटत नाहीं.

प्रथम यंत्राची थोडी ओळख करून देणें इष्ट होईल. वाऱ्यांतील शक्ति त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ति दुप्पट नव्हे, चौपटहि नव्हे, तर आठपट होते. या एका नियमांत पवनचक्कीचें सारें सुखदुःख सांठविलेलें आहे. वारा सेकंदाला तीन-चार मीटरांच्या खालीं असला तर चक्की वीज देत नाहीं. पंचवीस मीटरांच्या वर गेला तर मोडतोड होऊं नये म्हणून ती आपण होऊन थांबते. शिवाय वाऱ्याची सर्व शक्ति कोणत्याहि यंत्राला काढून घेतां येत नाहीं. कारण ती सर्व काढली तर हवा पात्यांमागें जागच्या जागीं थबकेल आणि पुढल्या वाऱ्याची वाट अडेल. ही मर्यादा सुमारें ५९ टक्के आहे, हें आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें १९१९ सालीं मांडलें. येथलीं जुनीं यंत्रें साडेतीनशें किंवा सहाशें किलोवॉटांचीं. नवीं यंत्रें दोन-तीन मेगावॉटांचीं असतात. खालून पात्यांचें फिरणें संथ वाटतें. तें मिनिटाला वीस-तीस फेऱ्यांचें असतें. वरच्या खोलींतील गिअरबॉक्स त्याचे हजार-पंधराशें फेरे करून जनित्राला देतो. या खोलीस तेथील सर्व लोक 'नेसेल' म्हणतात.

आमच्या उमेदवारीचे पहिले तीन आठवडे मात्र नेसेल पाहण्यांत गेले नाहींत. खालच्या कार्यालयांत एका खोलीवजा पत्र्याच्या पेटींत आम्हांला बसविण्यांत आलें आणि मागील कित्येक वर्षांच्या नोंदवह्या संगणकांत उतरविण्याचें काम देण्यांत आलें. कोणत्या दिवशीं कोणती चक्की किती वेळ बंद होती, कां बंद होती, कोणीं चालूं केली, हें सकाळपासून संध्याकाळपर्यंत लिहावयाचें. ठरलेलें विद्यावेतन मागितलें तर "पुढल्या महिन्यांत पाहूं" हें उत्तर ठरलेलें. आम्ही कशासाठीं आलों आहों हें विचारावयास कोणा अधिकाऱ्यास सवड नव्हती. विनामूल्य कारकून मिळाले, एवढाच आमचा उपयोग त्यांनीं जाणला होता, असें आम्हांला त्या वेळीं वाटलें व आजहि वाटतें.

तथापि त्या कंटाळवाण्या नोंदवह्यांनींच आम्हांला पहिला धडा दिला, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पानें उलटतांना ध्यानांत आलें कीं, वर्षाच्या विजेचा फार मोठा वांटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो आणि उन्हाळ्यांत कित्येक दिवस शून्याचे आंकडे लागतात. अशा जुन्या यंत्रांची वर्षाची सरासरी त्यांच्या क्षमतेच्या पांचव्या हिश्शाच्या आसपास पडते. मग एवढीं यंत्रें एवढ्या घाईनें कां उभीं राहिलीं? त्याचें एक कारण वाऱ्यांत नसून करांत होतें. १९९० नंतरच्या दशकांत पवनचक्कीच्या खर्चावर पहिल्याच वर्षीं शंभर टक्के घसारा धरण्याची सवलत होती. त्यामुळें विजेशीं ज्यांचा कांहींहि संबंध नाहीं अशा धंद्यांतील धनिकांनींहि चक्क्या विकत घेतल्या. त्यांस चक्की पुढें किती फिरते यापेक्षां ती मार्चअखेरीपूर्वीं उभी राहते कीं नाहीं याची चिंता अधिक. पुढें ही सवलत टप्प्याटप्प्यानें कमी झाली आणि सरकारचें लक्ष यंत्र उभारण्यापेक्षां वीज निर्माण होण्याकडे वळलें. पाठ्यपुस्तकांत घनाचा नियम होता. घसाऱ्याचा नियम आम्हांला नोंदवह्यांनीं शिकविला.

जूनच्या आरंभीं वारा सुरू झाला आणि कार्यालयांतील माणसें अपुरीं पडूं लागलीं, तेव्हां आम्हांस बाहेर काढण्यांत आलें. येथें आमचे खरे गुरु भेटले. ते जवळच्याच वाडींतील पन्नाशीचे गृहस्थ. सर्व जण त्यांना मामा म्हणत, म्हणून आम्हीहि म्हणूं लागलों. पहिल्या चक्क्या उभ्या राहिल्या तेव्हां खड्डे खणावयास म्हणून ते कामावर लागले आणि तेव्हांपासून मनोरे चढत आहेत. केवळ आवाजावरून कोणत्या यंत्राचा कोणता भाग कुरकुरतो हें ते सांगत, आणि वर जाऊन पाहिलें तर तसेंच असे. परंतु कागदोपत्रीं ते अद्याप ठेकेदाराचे मदतनीस. ठेकेदार बदलला कीं त्यांची नोकरी पुन्हां पहिल्या दिवसापासून मोजली जाते. ज्या वाटेनें यंत्रांच्या गाड्या जातात ती वाट त्यांच्या वडिलांच्या शेतांतूनच काढलेली आहे. "नाचणी किती व्हायची तिथं, मामा?" असें आम्हीं विचारलें तर ते म्हणाले, "घरापुरती. पण ती आमची होती, बाळांनो."

मनोऱ्यावर चढण्याचा प्रसंग मोठा कसोटीचा. आंत एक उभी लोखंडी शिडी असते; कमरेचा व खांद्यांचा पट्टा बांधून, त्याची कडी सुरक्षेच्या दोराला अडकवून चढावयाचें. आमच्या मैत्रिणीस प्रथम परवानगीच मिळेना. "मुलींचें काम नव्हे" हेंच काय तें कारण. तिनें वाद घातला नाहीं. पट्टा बांधणें, सोडणें, जखमीस दोरानें खालीं उतरविणें या सर्वांचा सराव तिनें मामांकडून आठवडाभर करून घेतला, आणि मामांनींच वरिष्ठांना सांगितलें, "साहेब, या पोरीची गांठ माझ्यापेक्षां पक्की बसते." त्यानंतर ती चढली. वर पोंचल्यावर यंत्र बंद असतांहि सारी खोली होडीसारखी डुलते. छपराची झडप उघडून डोकें बाहेर काढलें तों ढग आमच्या खालून चालले होते.

आकाश निवळलें त्या एका दिवशीं आम्ही वनकुसवड्याच्या बाजूस गेलों. तेथून खालीं कोयनेचा शिवसागर पसरलेला दिसतो. धरण १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभीं उभें राहिलें, पोफळीच्या भूगर्भांतील वीजघरांतून १९६२ सालीं वीज येऊं लागली, आणि आज सर्व टप्पे मिळून कोयनेची क्षमता १,९०० मेगावॉटांच्या वर आहे. तेथें उभें राहून आम्हांला दोन शक्तींतील भेद जसा उमगला तसा वर्गांत कधीं उमगला नव्हता. पाणी अडवून ठेवतां येतें, संध्याकाळीं घरोघर दिवे लागले कीं कांहीं मिनिटांत सोडतां येतें. वारा मात्र आला तेव्हांच घ्यावा लागतो. परंतु त्या पाण्याखालीं गांवें गेलीं, आणि धरणग्रस्तांचे प्रश्न पुढें कित्येक दशकें चालत राहिले. वाऱ्यासाठीं तेवढी किंमत द्यावी लागत नाहीं. लागते ती अगदींच नाहीं, असें मात्र नाहीं.

त्याचा पुरावा त्याच कातळावर ऊन खात बसलेला आम्हांला दिसला. या पठारावर एक विलक्षण सरडा राहतो. नर गळ्याखालचा निळा, काळा व नारिंगी पंखा उघडून दगडावर मिरवतो. २०१६ सालीं शास्त्रज्ञांनीं त्यास वेगळी जाति म्हणून ओळखलें आणि आपल्या मराठी शब्दावरूनच त्याच्या कुळास 'सारडा' असें नांव दिलें. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं याच चाळकेवाडीस अभ्यास करून २०१८ सालीं असें दाखविलें कीं, चक्क्या नसलेल्या भागांत शिकारी पक्षी चक्क्यांच्या भागापेक्षां जवळजवळ चौपट आहेत. शिकारी कमी, म्हणून चक्क्यांखालीं सरडे अधिक आणि ते भीतात कमी. परंतु ते रोडावलेले असतात व त्यांच्या पंख्याचे रंगहि फिके असतात. धुराचा कणहि न सोडणारें यंत्र कातळावरच्या सरड्याचा रंग बदलतें! स्वच्छ शक्ति ही कमी हानीची शक्ति होय, निर्दोष शक्ति नव्हे, एवढें आम्हीं त्या दिवशीं गांठीस बांधलें.

जुलैच्या आरंभीं एका रात्रीं वादळांत झाड पडून वाडीची वीज गेली. ज्या मावशींच्या घरीं आम्ही राहत होतों त्यांनीं चिमणी लावली, आणि बाहेर अंधारांत पात्यांचा घोष चालूच होता. चक्क्यांची वीज मोठ्या तारेनें थेट उपकेंद्रास जाते. वाडीची तार निराळी, याचा उलगडा आम्हीं मोठ्या उत्साहानें केला. मावशींनीं तो ऐकून घेतला आणि एवढेंच म्हटलें, "म्हणजे दिव्याखालीं अंधार, असंच ना?" यावर आमच्या विद्येपाशीं उत्तर नव्हतें.

निघण्याच्या दिवशीं आम्हांला प्रमाणपत्रें मिळालीं. त्यांत, आम्हीं गिअरबॉक्सच्या दुरुस्तीचें काम स्वतः केलें, असें लिहिलें होतें. प्रत्यक्षांत आम्हीं तें दुरून पाहिलें होतें. दुरुस्त करून द्या म्हटल्यावर अधिकारी हंसले आणि म्हणाले, "अहो, तुमच्याच भल्याचें आहे, नोकरी मिळेल." आमच्यांतील दोघांनीं तें परत करून साध्या हजेरीचें पत्र घेतलें. तिसऱ्यानें तें तसेंच ठेवलें. त्याच्या घरीं शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते आहेत, आणि मुलाखतींत पहिल्या चाळणींतून कागदच पार पडतो, हें आम्हांलाहि ठाऊक आहे. त्याला दोष देण्याचा अधिकार आमच्याकडे नाहीं. तसें कागद देणाऱ्या व्यवस्थेस मात्र दोष दिलाच पाहिजे. ज्या मामांनीं तें काम खरोखर आयुष्यभर केलें त्यांच्यापाशीं त्याचें चिठोरेंहि नाहीं, ही गोष्ट आम्हांला सर्वांत अधिक बोचली.

२०२५ च्या मार्चअखेर भारताची पवनविजेची क्षमता ५०,००० मेगावॉटांवर गेली आहे. या उद्योगांत पुढें आपलीं पुष्कळ मुलेंमुली जातील, आणि जावींत, असेंच आमचें मत आहे. आम्ही दोघेजण तरी जाण्याच्या विचारांत आहों. परंतु पालकांनीं मुलांस उमेदवारीस धाडण्यापूर्वीं तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: शिकविणारा माणूस कोण, विद्यावेतन केव्हां व किती, आणि उंचीवर चढण्यापूर्वीं सुरक्षेचें शिक्षण किती दिवसांचें. आणि मुलांनीं तेथें गेल्यावर साहेबांच्या खोलीपेक्षां मामांसारख्यांच्या शेजारीं अधिक बसावें. आम्हांला जें कांहीं आलें तें तेथेंच आलें.