स्प्रिंगचा दाखला

गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा तिच्याबरोबर एक फाईलही मिळाली. विकणारे गृहस्थ निवृत्त, गाडी 2015 ची गोल्फ, आणि फाईलमध्ये टायरच्या पावतीपासून बॅटरीच्या वॉरंटीपर्यंत सगळं तारीखवार लावलेलं. त्यातला एक जाड गठ्ठा त्यांनी मुद्दाम वेगळा काढला. "हा चाकांचा कागद. गाडीतच ठेवा." चाकं मूळ कंपनीची नव्हती, बाजारातून घेतलेली 18 इंची अलॉय होती. त्या कागदाला इथे जर्मनीत 'आ-बे-ए' म्हणतात. तो असला की त्या वस्तूला सरसकट परवानगी आहे, तपासणीला जायचं कारण नाही, पोलिसाने विचारलं तर दाखवायचा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला चाकाचा दाखला हा प्रकार जरा गमतीचाच वाटतो. आमच्या मामांचं तिथे गॅरेज. जीपच्या पाट्यांत एक पाटा वाढवायचा, मागची बाजू दोन बोटं उचलायची, शॉकप बदलायचे, सकाळी आलेली गाडी संध्याकाळी रवाना. कागद एकच, मामांच्या खिशातली वही. तीही उधारीची.

श्टुटगार्टला येऊन मला बरीच वर्षं झाली. शनिवारी सकाळी श्वेबिश आल्बच्या वळणांवर गाडी घेऊन जायचं हा माझा छंद. त्या वळणांवर गोल्फ कलायची, आणि मूळ शॉकपही आता थकले होते. नवे घालायचेच आहेत तर उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन घालावं, गाडी 30 मिलीमीटर खाली घ्यावी, असं डोक्यात आलं. बायको म्हणाली, "आपल्याकडे लोक स्पीडब्रेकरला घासते म्हणून गाडी वर करून घेतात, आणि तू पैसे देऊन खाली करतोयस?" याला उत्तर नव्हतं, म्हणून मी दिलं नाही.

ऑफिसातल्या एका जर्मन सहकाऱ्याने मात्र कामाचा सल्ला दिला. पाना हातात घेण्याआधी परीक्षकाला भेट, आणि वस्तू विकत घेण्याआधी तिचा कागद वाच. कंपन्या हे कागद आधीच वाचायला देतात. मी ज्या सेटवर नजर ठेवून होतो त्याला 'टाइलेगुटआख्टेन' होतं. म्हणजे हा भाग अमुक गाड्यांवर, अमुक अटींवर चालतो असा तज्ज्ञांचा अहवाल. आ-बे-ए असलेला भाग लावून मोकळं होता येतं. अहवाल असलेला भाग लावल्यावर गाडी ताबडतोब तपासून घ्यावी लागते. आणि दोन्हीत न बसणाऱ्या गाडीला तिसरा रस्ता असतो, वाहन नियमावलीतलं कलम 21, म्हणजे त्या एकाच गाडीची स्वतंत्र तपासणी.

अहवाल वाचायला मला मजा आली हे कबूल करतो. पुढच्या शॉकपची नळी 50 मिलीमीटरची की 55 ची, मागचा अ‍ॅक्सल कुठल्या प्रकारचा, पुढच्या अ‍ॅक्सलवर किती किलोपर्यंत भार चालेल, स्प्रिंगवर कुठला नंबर छापलेला असेल आणि तो कुठे सापडेल, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर किती खाली जाऊ द्यायचं, सगळं त्यात होतं. माझी गाडी त्या तक्त्यात चपखल बसत होती. मी दोन्ही कागद घेऊन तपासणी केंद्रात गेलो.

परीक्षक पन्नाशीचे, खिशात टॉर्च, बोलणं तुटक. सस्पेन्शनचा अहवाल त्यांनी वरवर चाळला आणि चाकांचा गठ्ठा मात्र मागून उघडला, अटींच्या पानावर. एका ओळीवर बोट ठेवलं. हे चाक मूळ सस्पेन्शन असलेल्या गाडीवरच चालेल, असं तिथे लिहिलं होतं.

"पण सस्पेन्शनला कागद आहे," मी म्हटलं.

"आहे."

"चाकालाही आहे."

"तोही आहे. दोघांना मिळून नाही."

त्या एका वाक्यात या सगळ्या व्यवस्थेचा गाभा आहे, असं मला आजही वाटतं. सुटी वस्तू चांगली की वाईट, हा इथे प्रश्नच नाही. चाक बनवणाऱ्याने गाडी मूळ उंचीवर आहे असं धरून चाचणी केली. स्प्रिंगवाल्याने चाक मूळ मापाचं आहे असं धरलं. दोघांनीही आपापल्या जागी इमानदारीने सही केली, आणि रुंद चाक खाली आलेल्या गाडीत वळणावर, चार माणसं बसलेली असताना कुठे जाईल हे दोघांपैकी कोणीच पाहिलेलं नाही. ते पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची तर तिची चालवण्याची मूळ मंजुरीच रद्द होते. म्हणजे माझ्या गाडीला तिसरा रस्ता, कलम 21. परीक्षकांनी घाबरवलं नाही. बसवून आणा, चाकांची अलाइनमेंट करून तिचा छापील रिपोर्ट आणा, हेडलाइट जुळवून घ्या, आणि येताना सरळ इकडेच या. मंजुरी मिळवण्यासाठी केलेला तेवढा प्रवास कायद्याला चालतो, फिरायला जाणं चालत नाही.

बसवण्यासाठी आम्ही भाड्याचं वर्कशॉप घेतलं. हा इथला एक झकास प्रकार आहे. तासाच्या भाड्याने लिफ्ट मिळते, हत्यारं मिळतात, आणि कोपऱ्यात एक अनुभवी मिस्त्री असतो जो विचारल्याशिवाय बोलत नाही. सोबत माझा नाशिकचा मित्र होता, हाताने चांगला पण घाईचा. गोल्फमध्ये पुढचा शॉकप चाकामागच्या ओतीव नकलच्या कड्यात खोचलेला असतो. ते कडं एका बाजूने चिरलेलं. त्या चिरेत एक चपटं हत्यार घालून नव्वद अंशांत फिरवलं की कडं केसभर उघडतं आणि नळी खाली सरकते. सरकायला हवी, म्हणजे. वर्षानुवर्षांचं मीठ आणि गंज आत बसलेला. जर्मनीत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याचा हिशेब असा खालून चुकवावा लागतो. मित्राने हातोडा उचलला तेव्हा कोपऱ्यातला मिस्त्री पहिल्यांदा बोलला. "तेल. आणि चहा प्या." आम्ही तेल सोडलं, कॉफी प्यालो, परत आलो तर नळी हाताने हलत होती.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली जी मामाही सांगायचे. रबरी बुश असलेले बोल्ट चाक हवेत लोंबकळत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, ती जशी उभी राहणार त्या उंचीला आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. उद्यमनगर आणि श्टुटगार्ट यांचं इथे एकमत आहे.

तपासणीच्या दिवशी परीक्षकांनी आधी कागद नव्हे, नंबर पाहिले. चारही स्प्रिंगवरचे छापील नंबर टॉर्चने वाचून अहवालाशी ताडले. मग गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळती. त्यांनी पुढची स्प्रिंग मुठीत धरली आणि फिरवून पाहिली. हलली नाही. चाक पूर्ण खाली लटकलं तरी स्प्रिंग आपल्या बैठकीत दाबलेलीच राहायला हवी. ढिली झाली तर खड्ड्यातून उसळलेल्या गाडीत ती जागेवर परत बसेलच याची खात्री नाही. आपल्याकडे स्वस्तात गाडी खाली करायची म्हणून मूळ स्प्रिंगची कडी कापतात, तिथे नेमकं हेच होतं. इथे कापलेली स्प्रिंग दिसली की बोलणंच संपतं.

त्यानंतर खरी परीक्षा. पुढचं डावं चाक एका ठोकळ्यावर, मागचं उजवं दुसऱ्यावर. गाडी तिरकी पिळली जाते आणि ती दोन चाकं मडगार्डमध्ये जितकी शिरतील तितकी शिरतात. "तुम्ही दोघं मागे बसा," ते म्हणाले. आम्ही बसलो. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पुढे सगळं स्वच्छ. मागच्या उजव्या चाकाशी ते बराच वेळ बसले. डॉक्टरने पोट चाचपावं तशी बोटं टायर आणि मडगार्डच्या मधून फिरवत होते. शेवटी मला उतरवून दाखवलं. आतल्या प्लास्टिकच्या कडेला टायरने एक चकचकीत रेघ ओढली होती, नखाएवढी.

"प्लास्टिक तर आहे," माझा मित्र मराठीत पुटपुटला.

भाषा कळली नसली तरी सूर कळला असावा. ते म्हणाले, "आज प्लास्टिक. डिकीत सामान असेल त्या दिवशी टायरची बाजू."

मागची बाजू थोडी वर घ्यायची, हा उपाय त्यांनीच सांगितला. गोल्फमध्ये मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकप वेगळा असतो. स्प्रिंगखालची आट्यांची रिंग फिरवून उंची बदलता येते. वर्कशॉपमध्ये परत जाऊन ती फिरवली, अलाइनमेंट पुन्हा केली, कारण उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात. त्या दुसऱ्या अलाइनमेंटचे पैसे मला लागले, आणि त्याचा राग आला नाही असं म्हणणार नाही. पुढच्या वेळी रेघ उमटली नाही. त्यांनी चारही कोपऱ्यांवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत टेप लावला, रिंगच्या खाली किती आटे शिल्लक आहेत ते मोजलं, हेडलाइटचा झोत पडद्यावर पाहिला, आणि एकटेच गाडी घेऊन बाहेर चक्कर मारून आले. हे सगळे आकडे अहवालात गेले, खाली त्यांचं नाव, त्यांची सही.

लोकांना वाटतं, अशा तपासण्या करणारी 'ट्यूफ' म्हणजे सरकारी खातं. तसं नाही. 1865 साली मानहाइममधल्या एका ब्रुअरीत बॉयलर फुटला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या बॉयलरमालकांनी स्वतः एकत्र येऊन तपासणीची संस्था काढली. मोटारी तर नंतर आल्या. आजही गाडी तपासणारा माणूस सरकारी नोकर नसतो. आणि त्याची सही म्हणजे परवानगीही नसते. कलम 21 खालची मंजुरी देतं नोंदणी कार्यालय. तिथल्या बाईंनी माझा अहवाल अक्षरश: उतरवून घेतला. नोंदणीपत्रात 22 नंबरचा रकाना शेऱ्यांचा असतो. माझ्या गाडीचा तो रकाना आता बारीक अक्षरांनी काठोकाठ भरलाय. सस्पेन्शनचा प्रकार, चाकाचं माप, टायरचं माप आणि मडगार्डपर्यंतचं किमान अंतर. 20 नंबरच्या रकान्यात गाडीची उंचीही नवी.

मी पुण्यात नोकरीला होतो तेव्हा कामानिमित्त वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत जाणं व्हायचं. ही संस्थाही 1966 पासूनची, आणि तिथल्या चाचण्या कुठल्याही मापाने कमी नाहीत. पण तिथे गाड्या बनवणाऱ्या कंपन्या यायच्या. स्प्रिंग बदलली म्हणून आपली एकुलती गाडी घेऊन आलेला माणूस मी तिथे पाहिला नाही. आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे तपशील होतील असा बदल मालकाने करू नये. सीएनजी किटसारखे मोजके अपवाद. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच अधिक कडक शब्दांत सांगितलं. म्हणजे आपला कायदा जवळपास नाहीच म्हणतो, आणि रस्त्यावर सगळं चालतं. जर्मनीचा कायदा बऱ्याच गोष्टींना हो म्हणतो, पण मग एकेक मिलीमीटर मोजून घेतो. मामांना हे फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "मग त्या माणसाला मोजायचे पैसे मिळतात, आणि आम्हाला काम करायचे." हेही खोटं नाही. माझे मोजणीवर गेलेले पैसे बसवण्याच्या खर्चाच्या बरेच वर होते.

कागदाची परीक्षा गुड फ्रायडेला झाली. त्या दिवशी जर्मनीभर हौशी लोक आपल्या सजवलेल्या गाड्या बाहेर काढतात आणि पोलीसही तयारीनेच येतात. आल्बच्या पायथ्याला मला बाजूला घेतलं. पोलीस तरुण होता, हातात टेप. नोंदणीपत्राचा 22 वा रकाना त्याने ओळीवर बोट फिरवत वाचला, खाली वाकून माप घेतलं, दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा घेतलं. माझ्यापुढच्या गाडीत असा रकाना रिकामा निघाला होता. मंजुरीशिवाय आणि सुरक्षिततेला धोका होईल असा बदल असेल तर 90 युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या चालक-नोंदवहीत एक पॉइंट. ती गाडी ट्रकवर चढत होती. मला त्याने कागद परत दिला आणि मागचे टायर कुठून घेतले ते विचारलं.

हिवाळ्याची चाकं माझ्याकडे मूळ कंपनीची, 16 इंची आहेत. ती सस्पेन्शनच्या अहवालात आधीच बसतात, त्यामुळे ऑक्टोबरात पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं नाही. मित्र सध्या मागच्या चाकांना पाच मिलीमीटरचे स्पेसर लावूया म्हणून मागे लागलाय. स्पेसर स्वस्त आहेत. मी त्याला तपासणीचं दरपत्रक पाठवलं, अजून त्याचं उत्तर आलेलं नाही.