मोरीकाठचा सोनटक्का

आमच्या पेणच्या घरामागे मोरीचे पाणी वाहून जाते, तिथे आईने लावलेला सोनटक्का होता. श्रावण लागला की तिन्हीसांजेला त्याचा वास माजघरापर्यंत यायचा. चार वर्षांपूर्वी मी तो माझ्या हाताने उपटला.

कारण ऐकून वाचक हसतील. एका सचित्र पुस्तकात मी जपानी आयरिसची फुले पाहिली. टोकियोच्या मेइजी देवस्थानाच्या बागेत सम्राट मेइजींनी राणीसाठी ती लावून घेतली होती. जूनच्या पावसात तिथे जांभळ्या-पांढऱ्या फुलांचे ताटवे फुलतात. ओलसर जागा, आम्लधर्मी माती, फुलेपर्यंत भरपूर पाणी! म्हटले, ओलीच्या बाबतीत पेण कुणाला हार जाणार आहे? थंड हवेच्या गावाहून कंद मागवले आणि मोरीकाठ मोकळा केला. आई एवढेच म्हणाली, "तुला हवं तसं कर."

पहिल्या वर्षी नुसती पाने आली. दुसऱ्या पावसाळ्यात कंद कुजले. मग पुस्तकाची पुढची पाने वाचली. या झाडाला हिवाळ्यात कडक थंडीतली झोप लागते. आमच्या कोकणात कसली आली आहे तसली थंडी!

यंदा गणपतीला घरी गेलो. आईला आता कमी दिसते. आरती झाल्यावर ती म्हणाली, "या दिवसांत मागून वास यायचा, नाही रे?" मी काहीच बोललो नाही. दीड दिवसाचा गणपती पोचवला आणि रोह्याची गाडी धरली. रोह्याला मावशी असते.

कासू, नागोठणे मागे पडले. दुतर्फा भाताची हिरवी खाचरे होती. रोह्याची कुंडलिका उन्हाळ्यातही आटत नाही. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून १९२७ पासून तिच्यात उतरते. त्या पाण्यामागे मावळातली बुडालेली गावे आहेत, हे काठावर उभे राहिले की विसरता येत नाही.

चिंतामणराव देशमुखांचे बालपण याच गावातले. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळवले आणि १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. वनस्पतिशास्त्राचा जाणकार बँकेत गेला, त्यात देशाचे भले झाले. मराठीचा मास्तर बागेत शिरला, त्याचे फळ वर सांगितलेच आहे.

मावशीच्या वाडीत पाटाच्या कडेला सोनटक्का माजला होता. मी कंद मागितला तशी ती हसली. "अरे, हा तुमच्याच मोरीवरचा! माझ्या लग्नात ताईनं पदरात बांधून दिला होता."

खणता खणता तिने धडा दिला. हा आल्या-हळदीचा भाऊबंद. डोळा असलेला तुकडा आडवा ठेवायचा, दोन बोटे खोल, अर्ध्या सावलीत. वर शेणखत. फुलून गेलेला दांडा बुडाशी कापायचा, म्हणजे नव्या कोंबांना जागा होते. "आणि जमीन वाळू द्यायची नाही. तांदूळ धुतलेलं पाणी टाकलंस तरी तो खूश."

दिवाळीपर्यंत फूल काही आले नाही. कोंब मात्र आले. आई रोज वाकून बोटांनी चाचपते आणि फोनवर मोजून सांगते. काल तिसरा सापडला. मग जरा थांबून तिने विचारले, "तिथं आता दुसरं काही लावणार नाहीस ना?"

"नाही," मी म्हणालो.